आगमनकाळाचा पहिला रविवार घरी कसा साजरा करता?

प्रश्न :
जय ख्रिस्त सगळ्यांना. दरवर्षी आमच्याकडे डिसेंबर लागला की खरेदी, साफसफाई, फराळ, कॅरलची प्रॅक्टिस यातच सगळा वेळ जातो आणि आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा तयारीचा काळ, कधी आला नि कधी गेला कळतच नाही, थेट नाताळच उजाडतो. चर्चमध्ये पहिली मेणबत्ती पेटते तेवढंच. यावर्षी पहिल्या रविवारपासूनच घरी काहीतरी सुरू करायची खूप इच्छा आहे. मुलं ५ आणि ९ वर्षांची. रोज फार वेळ देता येणार नाही पण जे करू ते शेवटपर्यंत टिकायला हवं. तुम्ही काय करता, प्लीज सांगा. आणि पहिला रविवार नेमका कुठला धरायचा?

उत्तर १ :
ताई, तारखेचं सोपं आहे, ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कुठेतरी येतो, २०२६ मध्ये २९ नोव्हेंबरला आहे. म्हणून आगमनकाळ कधी २२ दिवसांचा तर कधी २८ चा. चर्चचं नवीन वर्षही त्याच दिवशी सुरू होतं, हे मुलांना आवर्जून सांगा, त्यांना फार आवडतं.

माझं मत विचाराल तर एकच गोष्ट धरा, मेणबत्त्यांचं चक्र. हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं, त्यात चार मेणबत्त्या, पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं वाढवत जायचं. जेवायला बसायच्या आधी घरातले मोठे लाइट बंद करा, धाकट्याला प्रार्थनेची एक ओळ म्हणू द्या, मोठ्याला बायबलमधलं एक वचन वाचू द्या. पाच मिनिटं पुरतात. चौथ्या आठवड्यापर्यंत पहिली मेणबत्ती अगदी बुटकी झालेली असते आणि चौथी नवी कोरी, आपण किती दिवस वाट बघतोय ते मुलांना नुसतं बघून कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

उत्तर २ :
वरच्या दादांशी सहमत. थोडी भर घालते. ही पद्धत मुलांसाठीच निघाली बरं का! जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवायचे, ती मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजच्या छोट्या लाल आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या. पुढे रोजच्या गेल्या आणि चारच राहिल्या. तुमच्या ५ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट नक्की सांगा, तोही तेच विचारत असणार.

फक्त एक कळकळीची विनंती, डहाळ्या दोन आठवड्यांत वाळून कडक होतात आणि पटकन पेट घेतात, त्यामुळे मेणबत्तीखाली धातूची वाटी ठेवा, डहाळ्या मधूनमधून बदला आणि खोलीत कुणी नसताना ज्योत अजिबात ठेवू नका.

उत्तर ३ :
९ वर्षांच्या मुलासाठी इशायाचं झाड करून बघा (इशाय म्हणजे दावीद राजाचे वडील). कुंडीत एक सुकी फांदी खोचायची आणि रोज बायबलमधली एक गोष्ट वाचून तिचं चित्र कागदावर काढून टांगायचं. आदामासाठी फळ, नोहासाठी तारू, याकोबासाठी शिडी, योसेफासाठी रंगीत झगा, रूथसाठी कणसांची पेंढी, दावीदासाठी वीणा, असं करत करत येशूच्या जन्माच्या गव्हाणीपर्यंत यायचं. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात ११ व्या अध्यायात इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल असं आहे ना, त्यावरून हे नाव. चित्रं मुलांनीच काढायची, विकतची आणू नका, वाकडीतिकडी असली तरी तीच छान दिसतात.

मोठ्यांसाठी म्हणाल तर लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनावरचं एक पुस्तक. बरोब्बर २४ अध्याय आहेत, १ डिसेंबरला पहिला धरला तर २४ ला शेवटचा होतो. आम्ही नवरा-बायको मुलं झोपल्यावर वाचतो.

प्रश्नकर्ती :
खूप खूप आभार सगळ्यांचे! चक्र नक्की ठरलं आणि मोठ्याला झाडाचं सांगितलं तर तो आत्ताच कागद घेऊन बसलाय. पण रंगांचं काय? कुणी जांभळ्या म्हणतं, कुणी लाल. आणि एखादा दिवस चुकला तर?

उत्तर १ :
चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. जांभळा पश्चात्तापाचा आणि तयारीचा, गुलाबी तिसऱ्या रविवारी, आनंदाच्या. अर्थ बहुतेक आशा, शांती, आनंद, प्रीती असे धरतात. काही चर्चमध्ये निळ्या असतात, काही घरांत चारही पांढऱ्या किंवा लाल, त्यात चूक काही नाही. मधोमध पाचवी पांढरी ठेवलीत तर ती २४ च्या रात्री किंवा नाताळच्या दिवशी पेटवायची, ख्रिस्ताची म्हणून.

दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा, दुप्पट वाचून भरून काढायला जाऊ नका, मुलं कंटाळतात आणि मग सगळंच बंद पडतं.

उत्तर २ :
अजून एक, धाकट्यासाठी. गव्हाणी पहिल्या रविवारीच मांडा पण रिकामी ठेवा. घरात कुणी कुणासाठी काही चांगलं केलं की त्यात गवताची एक काडी टाकायची, न सांगता. बाळ येशू २४ च्या रात्रीच ठेवायचा, तोवर मूर्ती उंचावर कपाटात ठेवा, नाहीतर धाकटा आधीच आणून ठेवेल.