कॅटॅलिटिक गेला म्हणतात, ५० हजार घालू का?

कंदीपेढा: पुण्याहून येताना खंबाटकी चढताना गाडी पार मेली, सेकंडला पण ओढंना, मागनं सडक्या अंड्यासारखा वास. साताऱ्यात स्कॅनर लावला तर पी०४२० कोड, गॅरेजवाला म्हणतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाईपातला धूर साफ करणारा डबा) बदला, ५० हजार. गाडीच दोन लाखाची हो! त्याच्या जागी मोकळा पाईप टाकू का?

घाटमाथा: थांबा जरा. कोड आला म्हणजे कन्व्हर्टरच गेला असं नसतं, मागचा ऑक्सिजन सेन्सर किंवा सायलेन्सरचं लीकेज पण असू शकतं. आधी प्लग, कॉइल बघा. मिसफायर असला, म्हणजे ठिणगी नीट पडत नसली, की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते, मग नवीन टाकला तरी तोही जाणार. माझं असंच झालं, एका कॉइलपायी.

माणदेशी: थंड झाल्यावर हातानं ठोकून बघा, खुळखुळ वाजलं तर जाळी तुटलीय. मोकळा पाईप नकोच, पीयूसीला अडकाल. आणि बदललाच तर जुना गॅरेजात सोडू नका, त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाले बरे पैसे देतात.

कंदीपेढा: ठोकला, वाजत नाही. उद्या कॉइल बघतो.