सेल मारल्यावर स्टेअरिंग जड होते. संपूर्ण कॉलम बदलणे खरोखर आवश्यक आहे का?

घाटवाट
नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची लहान पेट्रोल हॅचबॅक असून तिचे ८१,००० किलोमीटर झाले आहेत. मी चिपळूणला राहतो आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने कराडला जातो. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी पहिला सेल मारला की कधीकधी स्टेअरिंगच्या चित्राशेजारी उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा विझतच नाही, आणि स्टेअरिंग इतके जड होते की फाटकातून गाडी काढताना दोन्ही हातांनी ओढावे लागते. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की बहुधा सगळे पूर्ववत होते. मात्र दोन आठवड्यांपूर्वी घाटात, पावसात, हेडलाइट, वायपर आणि पंखा सुरू असताना ऐन वळणावर तेच घडले, म्हणून आता दुर्लक्ष करवत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला, तो कोणता होता हे सांगितले नाही, आणि स्टेअरिंगला मदत करणाऱ्या विजेच्या मोटरसह संपूर्ण कॉलम (स्टेअरिंगखालचा दांडा) बदलण्याचे ३४,००० रुपये सांगितले. माझ्याजवळच्या स्वस्त ओबीडी डोंगलवर (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचणारे छोटे यंत्र) एकही कोड दिसत नाही. आधी काय तपासावे?

तारतम्य
डोंगलवर काही न दिसणे स्वाभाविक आहे. ती बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतात. स्टेअरिंगचे कोड 'सी'ने सुरू होतात आणि त्यांच्यासाठी स्टेअरिंगच्या कंट्रोलरशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. पुढच्या वेळी कोड पुसण्याआधी पडद्याचा फोटो काढून घ्या. टॉर्क सेन्सरचा (स्टेअरिंगवरचा जोर मोजणारा भाग) कोड असेल तर गॅरेजच्या म्हणण्यात तथ्य असू शकते, पण व्होल्टेज कमी पडल्याचा कोड असेल तर कॉलमला हात लावण्याचे कारणच नाही.

तुमच्या वर्णनावरून मला दुसरीच शक्यता अधिक वाटते. उभ्या गाडीत स्टेअरिंग टोकापर्यंत वळवले तर ही मोटर ४०-५० अँपिअर सहज खेचते, आणि कंट्रोलरला मिळणारे व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की तो मदत थांबवून दिवा लावतो. सकाळचा पहिला सेल आणि पावसात सगळे दिवे-वायपर सुरू असणे, या दोन्ही वेळी वीजपुरवठ्यावर ताण असतो.

बॅटरी रात्रभर स्थिर राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, सेल मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसावे. त्यानंतर अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तारेची पट्टी, तपासा, कारण तेच बहुधा कोणी पाहत नाही. इंजिन चालू असताना प्रवाह अल्टरनेटरकडून येतो आणि बॉडीतून इंजिनकडे परततो. म्हणून मल्टिमीटरची एक पिन इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर आणि दुसरी बॉडीच्या बोल्टवर धरून, कोणाला तरी स्टेअरिंग वळवायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर ती पट्टी दोषी आहे. स्टेअरिंग न वळवता मोजल्यास खराब जोडही निर्दोष दिसतो, हे विसरू नका.

जुना_फिटर
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण यांत्रिक बाजूही एकदा पाहून घ्यावी. गाडी जॅकने उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, इंजिन बंद ठेवा आणि पुढची चाके हवेत असताना स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. ते एकसारखे जड लागणे ठीक आहे. ठरावीक जागीच अडकत असेल तर कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट (दांडा वाकवणारा सांधा) गंजला आहे असे समजावे. कोकणात हे नेहमीचेच आहे. टायरमधली हवाही पाहा; हे सांगताना मलाच संकोच वाटतो, पण २२ पीएसआयवर गाडी चालवून स्टेअरिंगची तक्रार घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि कॉलम स्वतः उघडू नका, वर एअरबॅग आहे.

घाटवाट
दोघांचेही आभार. रविवारी मोजमाप केले. स्थिर बॅटरी १२.३, सेल मारताना ९.१, इंजिन चालू असताना १४.१. चाके हवेत उचलल्यावर स्टेअरिंग कुठेही अडकले नाही. मात्र इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये, मुलाने स्टेअरिंग वळवताच, ०.९ व्होल्ट दिसले. बॅटरीचा ट्रे काढल्यावर खाली ती पट्टी सापडली: बोल्टभोवती हिरवट-पांढरी भुकटी, थिंबल (पट्टीच्या टोकाची धातूची कडी) काळवंडलेले आणि विणलेल्या तारांपैकी निम्म्या तुटलेल्या.

तारतम्य
मग शंकेला जागा नाही. पट्टी घासून पुन्हा बसवू नका, नवीनच घ्या. बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढा आणि बोल्ट घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावा. ९.१ व्होल्ट म्हणजे बॅटरीही उताराला लागली आहे. लोड टेस्ट (भार देऊन बॅटरीची तपासणी) करून घ्या.

सावकाश_चालवा
थोडे विषयांतर वाटेल, पण पार्किंग करताना बराच वेळ स्टेअरिंग मागे-पुढे फिरवल्यावर ते जड होऊन दहा मिनिटांनी आपोआप सुधारत असेल, तर तो बिघाड नसतो. मोटर तापू नये म्हणून कंट्रोलर स्वतःहून मदत कमी करतो. घाटवाट यांचे तसे नाही, तरी हा धागा वाचून कोणी उगीच पट्टी बदलू नये म्हणून लिहिले.

घाटवाट
नवीन पट्टी ३५० रुपयांना मिळाली. लोड टेस्टमध्ये बॅटरी नापास झाली, तिलाही चार वर्षे झालीच होती, त्यामुळे तीही बदलली. आता तीच चाचणी केल्यावर ०.०६ व्होल्ट दिसतात. तीन आठवड्यांत दिवा एकदाही लागला नाही आणि काल भर पावसात, सगळे दिवे लावून, कराडला जाऊन आलो. सरळ रस्त्यावर गाडी किंचित डावीकडे ओढते, पण ते आधीपासूनच आहे. शनिवारी अलाइनमेंट करून घेणार आहे.