पाचशे रुपये दंड भरला, आता नोकरीही द्यायची का?

अंबडचा_फिटर
परवा इथे एका एचआर बाईंनी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं: 'अकरा वर्षांचा जुना ऑपरेटर, पडताळणीत पोलीस केस निघाली, त्याच दिवशी राजीनामा घेतला. शिस्त म्हणजे शिस्त.' खाली अंगठ्यांची रांग. तेव्हा गप्प बसलो, पण दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून वेगळा धागा काढतोय.

असाच एक माझ्या शेजारी राहतो, नाशिकच्या पवननगरला. सीएनसी (संगणकावरचा लेथ) चालवतो, हात असा की बाकीचे त्याला विचारून ऑफसेट, म्हणजे हत्याराचं माप, लावतात. २००९ च्या विसर्जनात दोन मंडळांची जुंपली, त्यात हाही सापडला. कलम ३२३, ५०४, म्हणजे मारहाण आणि शिवीगाळ. वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, दंड भर, कोण तारखा करत बसेल. ५०० रुपये भरले आणि संध्याकाळी घरी. आता कुठल्याशा मोठ्या ग्राहकाचं ऑडिट, म्हणून सगळ्यांची नव्याने चारित्र्य पडताळणी झाली, त्यात ते भूत वर आलं. 'फॉर्मवर तू नाही लिहिलं होतंस.' केबिनमध्ये बसवून राजीनामा लिहून घेतला.

फॉर्म इंग्रजीत. भरला ठेकेदाराच्या पोराने. ह्याने पेन्सिलीची फुली होती तिथे सही ठोकली. तुम्ही सगळ्यांनी तशीच ठोकली आहे, उगाच मान हलवू नका.

रुजूपत्र
त्या एचआर बाई म्हणजे मी. नाव न घेता टोमणे मारण्यापेक्षा तिथेच उत्तर द्यायचं होतंत.

आमच्या ऑपरेटरला केस होती म्हणून नाही हो काढलं. खोटं लिहिलं म्हणून. आज फॉर्मवर खोटं, उद्या तपासणीच्या रजिस्टरवर खोटं.

आणि आता माझंही ऐका. आधीच्या कंपनीत दुसऱ्या पाळीच्या मुलींना सोडायला ट्रॅव्हल्सवाल्याच्या शब्दावर एक ड्रायव्हर ठेवला होता. पडताळणी शून्य. एका रात्री मुसळगावहून येताना शेवटच्या मुलीला घेऊन तो भलत्याच रस्त्याला वळला. गाडी हळू झाली तेव्हा तिने उडी टाकली म्हणून वाचली. नंतर कळलं, विनयभंगाची केस आधीची होती. रात्री दीड वाजता तिच्या आईसमोर मी बसले होते. 'बाई, तुम्ही चौकशी केली नव्हती का?' ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणाचीही गय करत नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

अंबडचा_फिटर
त्या मुलीचं वाईट वाटतं, मनापासून. पण माझा शेजारी लेथवर उभा असतो, गाडीत नाही. विनयभंग आणि विसर्जनातली धक्काबुक्की एकाच पोत्यात भरता, ह्याचंच तर दुखणं आहे.

काळा_कोट
फुकट सांगतोय म्हणून कुणी ऐकणार नाही, तरी सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल, तीन न्यायमूर्ती. माहिती लपवली तर नेमणूक रद्द करता येते, पण डोळे मिटून नाही. गुन्हा किती गंभीर, पद कोणतं, हे तपासायचं. कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ प्रकार असेल तर मालकाने सोडून द्यावा. आणि रुजूपत्र बाईंनी हे दोनदा वाचावं: फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट हवा. जे नेमकं विचारलंच नाही, ते लपवलं म्हणता येत नाही. फिटरसाहेबांसाठीही कडू घोट आहे. खरं सांगितलं तरी नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन मालकावर नाही.

हे सगळं सरकारी नोकरीचं. खासगीत कामगाराने राजीनाम्यावर सहीच करायची नसते. आरोपपत्र द्या, चौकशी लावा, म्हणायचं. जबरदस्तीने सही घेतली असेल तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार, ९० दिवसांच्या आत.

आणि त्या २००९ च्या वकिलाला माझा नमस्कार. ३२३ आणि ५०४ दोन्ही तडजोडीचे गुन्हे. लोकअदालतीत मिटवलं असतं तर निर्दोष सुटल्यासारखं झालं असतं. दंड भरला म्हणजे दोषी ठरला, एवढं अशिलाला सांगायचे कष्ट घेतले नाहीत.

पंचवटी_एक्स्प्रेस
बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षांपेक्षा कमी शिक्षा झाली तर आमदारकी शाबूत. खटला नुसता चालू असेल तर विचारायलाच नको, उलट बॅनरवर फोटो मोठा. आणि माझा मेव्हणा सरकारी खात्यात. भावकीच्या बांधाच्या भांडणात दोन दिवसांहून जास्त कोठडी झाली. ४८ तास उलटले की निलंबन आपोआप. निर्दोष सुटेपर्यंत सहा वर्षं गेली, त्यात पोराचं इंजिनिअरिंग राहिलं.

लासलगावी
काळा कोट, 'घोषणा दिल्यासारखा किरकोळ प्रकार' वाचून हसू आलं. माझा पुतण्या, पोलीस भरती, मैदानीत ५० पैकी ४६, लेखीत पास. डिसेंबर २०२३ च्या कांद्याच्या रास्ता रोकोत नाव होतं. १४३ बेकायदा जमाव, ३४१ वाट अडवणं, वर जमावबंदी मोडल्याचं १३५. पोरगं सरळ, फॉर्मवर सगळं खरं लिहिलं. फाइल तेव्हापासून बसली आहे. सोबतच्या पोरांची ट्रेनिंग झाली.

रुजूपत्र ताई, तुमच्या हिशेबाने ह्याने खरं सांगितलं. मग ह्याला बक्षीस कुठे मिळतं, पत्ता द्या.

चौदा_टायर
रास्ता रोको म्हणजे घोषणा नव्हे भाऊ. मी होतो त्या दिवशी चांदवडच्या रांगेत. पिंपळगावचा टोमॅटो भरून इंदूरला चाललो होतो. चार तास. पुढे माल नरम निघाला म्हणून पार्टीने भाडं कापलं. ते माझ्या खिशातून गेलं, सरकारच्या नाही. रस्ता अडवणारा उद्या वर्दी घालून मलाच पावती फाडणार का?

लासलगावी
चार तासांचं रडगाणं! ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. लाल कांदा नुकता निघत होता. ट्रॅक्टर बाजार समितीत लावला तेव्हा एक भाव, लिलावाला आला तोवर निम्मा. मी काय घोषणा देऊ, की भजन करू?

मखमलाबाद_नाका
भाव चढतो तेव्हा आम्ही ८० रुपये किलोने घेतो ते विसरता. तेव्हा कुठला शेतकरी आमच्यासाठी रस्त्यावर बसतो?

लासलगावी
८० मधले मला किती मिळतात ते विचार आधी. मिसळीवर चिमूटभर कांदा कमी पडला की अग्रलेख लिहिणारे तुम्ही.

चौदा_टायर
मग व्यापाऱ्याला अडवा ना. मंत्र्याच्या दारात कांदा ओता. हायवेवर कोण सापडतं? डायव्हर. कायम डायव्हर. माझ्या मागे ॲम्ब्युलन्स होती, हॉर्न वाजवून वाजवून थकली.

लासलगावी
ॲम्ब्युलन्सला वाट दिली होती. मी स्वतः ट्रॅक्टर बाजूला घेतला. खोटं लिहू नको.

चौदा_टायर
दिली. अर्ध्या तासाने.

मखमलाबाद_नाका
कांदाचाळीत साठवून भाव वाढायची वाट बघतात आणि वर गळा काढतात.

लासलगावी
लाल कांदा चाळीत टिकत नाही, साहेब. तो उन्हाळ कांदा. आधी एवढं शिका, मग माझ्याशी वाद घाला.

अंबडचा_फिटर
धागा नोकरीचा होता. लिलाव बाजार समितीत करा.

काळा_कोट
कांद्यावर मत नाही, पण लासलगावी, एक ऐका. आंदोलनातले गुन्हे मागे घ्यायचे निर्णय सरकार काढतं, पेपरात बातमी येते, लोक पेढे वाटतात. निर्णय निघाला म्हणजे केस संपत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करायचा, कोर्टाने संमती द्यायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२१, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६०. तोवर ती पडताळणीत दिसतच राहते. पुतण्याची केस अशा एखाद्या यादीत बसते का, आणि बसत असेल तर तो अर्ज झाला का, हे आधी बघा.

आणि मागे घेईपर्यंत घरी बसू नका, नकाराचं पत्र लेखी मागा. पत्र नाही तर आव्हान कशाला देणार?

लासलगावी
यादीचं कुणी सांगितलंच नव्हतं. बघतो. (टोमॅटोवाल्याचं भाडं कापलं ते वाईट झालं. पण रस्ता परत अडवावा लागला तर अडवणार.)

जुनी_बराक
रोज वाचतो, लिहीत नाही. साडेतीन वर्षं नाशिकरोडच्या तुरुंगात होतो. ३२६, हत्याराने गंभीर दुखापत. केलं होतं, निर्दोष वगैरे काही नाही. आत सुतारकाम शिकलो. शाडूच्या गणपतींवरही हात बसला. सीझनला तुरुंगाच्या विक्री केंद्रावर तुम्हीच येता, 'काय सुंदर डोळे आहेत' म्हणता. डोळे मी रंगवायचो.

बाहेर आल्यावर सातपूरला सात ठिकाणी गेलो. चार ठिकाणी खरं सांगितलं, चहा पाजून पाठवलं. पाचव्या ठिकाणी नाही सांगितलं, आठ महिने टिकलो. आता स्वतःचं फर्निचरचं काम करतो, तिथे फॉर्म मीच भरतो.

रुजूपत्र बाई, तुम्हाला दोष देत नाही. माझी मुलगी रात्रीच्या बसने येत असती तर मीही ड्रायव्हरची चौकशी केली असती. पण मला लेथवर तरी ठेवलं असतंत का? एवढंच सांगा.

पंचवटी_एक्स्प्रेस
आता उत्तर द्या बाई. चार तास झाले.

रुजूपत्र
जेवण करत होते, पळून नाही गेले.

नसतं ठेवलं. खरं विचारलंत म्हणून खरं सांगते. ३२६ पाहून फाइल पुढे सरकलीच नसती. ग्राहकाच्या चेकलिस्टवर एकच रकाना असतो, हो किंवा नाही. कलम कुठलं, किती वर्षं झाली, काम काय, ह्याला जागाच नाही. मी रकाना बनवत नाही, भरते.

आणि फॉर्म मराठीत हवा, प्रश्न नेमका हवा, हे मान्य. बाकी माझं मत तेच आहे. बस.

अंबडचा_फिटर
व्वा! 'मान्य' लिहिताना की-बोर्ड गरम झाला असेल.

काळा_कोट
फिटर, गंमत पुरे. शेजाऱ्याने राजीनाम्यावर सही केली होती ना? तारीख काय?

अंबडचा_फिटर
केबिनचं दार लावून घेतलं होतं, बिचाऱ्याने केली. हिशेब घेतला नाही अजून. मोजले आत्ता. आज ७१ वा दिवस.

काळा_कोट
मग इथे कांदा काय सोलत बसलात? उद्या सकाळी त्याला घेऊन या. रुजू होतानाचा फॉर्म, राजीनाम्याची प्रत, पगाराच्या स्लिपा, ऑडिटच्या वेळी काही नोटीस लावली असेल तर तिचा फोटो. फॉर्म सगळ्यात महत्त्वाचा. प्रश्न कसा विचारला होता, ह्यावरच सगळं आहे.

अंबडचा_फिटर
फॉर्म कंपनीकडे. ते कशाला देतील?

रुजूपत्र
तोंडी मागितला तर नाही देणार. लेखी अर्ज करा, इनवर्डला (आवक टपालाच्या टेबलावर) द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्ट, पोच जपून ठेवा. पत्र एचआरच्या नावाने नको, फॅक्टरी मॅनेजरच्या नावाने पाठवा.

आणि हे मी सांगितलं असं कुठे बोलू नका.