पाच मितींतले कृष्णविवर कड्यासारखे कसे?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): कृष्णविवराचे क्षितिज (ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही ती सीमा) गोलासारखेच असते, असे आम्ही एम.एस्सी.ला शिकलो. मग पाच मितींत ते कडे कसे होते?

उत्तर: क्षितिज गोलासारखेच असते हे सांगणारे हॉकिंग यांचे १९७२ चे प्रमेय चार मितींपुरतेच (अवकाशाच्या तीन आणि काळाची एक) आहे. एम्परान आणि रीअल यांनी २००२ मध्ये पाच मितींसाठी मांडलेल्या कृष्णकड्यात, म्हणजे कड्याच्या आकाराच्या कृष्णविवरात, फिरण्याचा वेगच कडे आत कोसळू देत नाही. शिवाय वस्तुमान आणि कोनीय संवेग (फिरण्याचे माप) तेच असूनही तेथे गोल व कडे दोन्ही संभवतात, आणि मला हेच सर्वांत विलक्षण वाटते.

दुसरे उत्तर: सर, कृष्णतंतूचाही, म्हणजे तंतूसारख्या लांबट कृष्णविवराचाही, उल्लेख हवा. गंगावेशीत म्हशीची धार जशी बारीक होत थेंबांत तुटते, तसाच लांब, बारीक तंतू अस्थिर असतो, हे ग्रेगरी व लाफ्लाम यांनी १९९३ मध्ये दाखवले.

प्रश्नकर्ता: म्हणजे बारीक कडेही असेच तुटेल का?

दुसरे उत्तर: होय, फार बारीक कड्यालाही तीच अस्थिरता ग्रासते.