थेरपी सुरू करताना: पहिल्या काही भेटींचे अनुभव इथे लिहा

सायकॉलॉजिस्टकडे पहिल्यांदा जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. दार बंद झाल्यावर आत नेमकं काय होतं, हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी थेरपी घेतली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

पहिल्या भेटीत मॅडमनी आधी गोपनीयतेचं सांगितलं. इथलं बोलणं घरच्यांनाही कळणार नाही. मुख्य अपवाद माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचा. मग झोप, भूक, थायरॉइड तपासलंय का, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असं बरंच विचारलं. नैराश्य किती आहे ते बघणारी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली भरून घेतली: मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे माझं पेन अडलं. त्यांनी घाई केली नाही. नंतर शांतपणे विचारलं, "असे विचार येतात तेव्हा तुम्ही काय करता?" इतकं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. रडू आलं आणि हायसंही वाटलं. असे विचार येत असतील तर कृपया लपवू नका, आणि पुढच्या भेटीची वाटही बघू नका, लगेच कुणाला तरी सांगा.

*

सायकॉलॉजिस्ट सहसा औषधं देत नाहीत, ते काम सायकिअ‍ॅट्रिस्टचं. माझी झोपच उडाली होती, म्हणून थेरपिस्टनीच तिकडे पाठवलं. गोळ्या आणि थेरपी दोन्ही बरोबरीने चालू आहेत.

*

मला पॅनिक अटॅक यायचे. सीबीटीने, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीने, उपचार झाले. यात गृहपाठ असतो: वहीत रकाने आखायचे, प्रसंग काय, मनात काय आलं, भीती १०० पैकी किती, त्या विचाराच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावा काय. कंटाळवाणं आहे, पण करा. माझ्यासाठी खरा बदल एका सेशनमध्ये झाला. सरांनी मला खुर्चीत बसवून मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. डोकं गरगरलं, छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, हुबेहूब अटॅक. मग म्हणाले, "आता काहीही करू नका, नुसतं बघत राहा." सगळं आपोआप ओसरलं! माझ्या हृदयाची तपासणी आधीच झाली होती. घरी आपल्या मनाने हा प्रयोग कुणी करू नये.

*

पहिल्या थेरपिस्टशी माझं जमलं नाही. मी बोलायला लागले की त्या स्वतःच्या संसारातले दाखले देत, वर "जुळवून घ्या" हा सल्ला. मी थेरपिस्ट बदलल्या. पुढच्यांना फोनवरच विचारून घेतलं: शिक्षण काय, अशा त्रासावर काम केलंय का, पद्धत कोणती, आयत्या वेळी भेट रद्द केली तर फी लागते का. त्यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

*

सुरुवातीला सेशननंतर मी दिवसभर गळून जायचो. तसं सांगितल्यावर शेवटची दहा मिनिटं आम्ही निवळण्यासाठी राखून ठेवली. मोठा फरक पडला.

*

सर्वांचे आभार. किशोरवयीन मुलांना कुणी नेलं आहे का? मूल काय बोललं, यातलं पालकांना किती सांगतात? भाचीसाठी विचारतेय.