अपिलातही हरलात? इथे लिहा

खालच्या कोर्टात हरलं की नातेवाईक म्हणतात, "अपील करू ना." अपिलातही 'निकाल कायम' आला की फोन यायचे थांबतात. म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून.

शेजाऱ्याने बाबांवर अतिक्रमणाचा दावा लावला. भूकरमापक कोर्ट कमिशनर म्हणून, म्हणजे कोर्टाच्या वतीने मोजायला आला, नकाशात आमचा बांध त्याच्या गटात दोन गुंठे सरकलेला. "कोर्टाला कळतंय सगळं" म्हणून बाबांनी हरकतच घेतली नाही. हरल्यावर आजोबांच्या पेटीतून जुना मोजणी नकाशा निघाला! जिल्हा न्यायालयात तो दाखल करायला ऑर्डर 41 नियम 27 खाली, म्हणजे अपिलात नवा पुरावा देण्याच्या नियमाखाली, अर्ज दिला. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, हा कागद तेव्हा कुठे होता? पेटीतच होता की. अर्ज गेला, अपीलही गेलं. मग निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त, कोर्टाचा बेलिफ, आणि बाबांनी लावलेले दोन शेवगे पलीकडे. शेंगा मात्र शेजारी दरवर्षी पाठवतो. आई घेते, बाबा खात नाहीत.

– बांधावरची

मित्राला विश्वासाने सही करून कोरा चेक दिला होता. तो वटला नाही, कलम 138 मध्ये शिक्षा झाली. सेशन्सला अपील केलं तर भरपाईच्या 20 टक्के आधी भरा म्हणाले, 2018च्या दुरुस्तीपासून हे आहे. बायकोची पाटली गहाण पडली. अपील फेटाळलं, शेवटी तडजोडच केली. पहिल्या तारखेला केली असती तर... जाऊ दे.

– कोरा चेक

मुंबईत भाड्याची खोली. लघुवाद न्यायालयात हरलो, अपील त्याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांसमोर. इमारत तीच, निकाल तोच.

– चाळकरी

वकिलांकडे कारकून आहे, म्हणून थोडं. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस. निकालाची नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, पण नकलेचा अर्जच महिन्याने टाकलात तर तो महिना तुमचाच. दुसरं अपील हायकोर्टात, तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. 'मोजणी चुकली' एवढ्यावर भागत नाही. सांगली-साताऱ्याकडच्यांना ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी हायकोर्टाच्या कोल्हापूर बेंचला जाता येतं, मुंबईची एसटी वाचली. @बांधावरची, दुसरं अपील केलंत का?

– नक्कलवाला

नाही. वकील तयार होते. बाबा म्हणाले, आता पेटीत काही उरलं नाही.

– बांधावरची