वजन उतरवण्यासाठी पुरुषाने दिवसाला किती कॅलरी घ्याव्यात?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): माझे वय ४२, उंची १७० सेंमी, वजन ८८ किलो असून काम बैठे आहे, रोज किती कॅलरी घ्याव्यात?

उत्तर १: मिफ्लिन-सेंट जॉर सूत्रानुसार आपल्या शरीराला विश्रांतीतच सुमारे १,७४० कॅलरी लागतात आणि बैठ्या कामाचा १.२ हा गुणक धरल्यास दिवसाचा खर्च २,०८५ च्या आसपास जातो, म्हणून त्यातून ५०० वजा करून साधारण १,६०० पासून सुरुवात करावी.

उत्तर २: हिशेब बिघडतो तो भाकरीने नव्हे, तेलाने. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. मिसळीच्या कटावरचा तवंग मोजणारा कोल्हापूरकर मला अजून भेटलेला नाही.

प्रश्नकर्ता: पांढरा रस्सा चालेल का?

उत्तर २: त्यात नारळाचे दूध असते, वाटीभरच घ्यावा. मधुमेहाची औषधे चालू असल्यास मात्र आहार घटवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.